फोटोवाल्यांची बट

फोटोवाल्यांच्या हातात जादू, असं गिऱ्हाइकं म्हणायची. चामखीळ असो, वांग असो, बारीक ब्रश टेकवला की साफ. स्वतःची जन्मापासूनची पांढरी बट ते दोन्हीकडून पुसत आले: डोक्यावर कलप, फोटोत ब्रश. वडिलांची पुसली, बहिणीचीही पुसली. अल्बममध्ये अख्खं घराणं कसं काळंभोर!

आणि लेकीला मुलगी झाली ती तीच बट कपाळावर घेऊन. लेकीच्या सासूबाईंनी निकाल देऊन टाकला की आमच्याकडे असलं काही नाही, हिनेच गरोदरपणात भलतीसलती औषधं खाल्ली. डॉक्टर म्हणाले, वडिलांकडून वा आईकडून आलेलं असेल तर घोर नको, केसात नाहीतर कातडीवर तेवढ्या जागी रंग नसतो इतकंच. घरात कुणालाच नसेल तर मात्र एवढ्याशा जिवाच्या ढीगभर तपासण्या कराव्या लागतील. जुने फोटो आणा.

लेकीने अल्बम आणला. डॉक्टरांनी भिंगातून पानन् पान पाहिलं, फोटो सुरेख आलेत म्हणाले आणि तपासण्यांची यादी लिहायला घेतली.

सोबत आलेले फोटोवाले ती वाढती यादी बघत होते. कलप धुऊन दाखवावा तर सत्तरीत सगळंच डोकं पांढरं, त्यात बट कुठली शोधणार? शेवटी सासूबाईंच्या देखत त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. नडगीवर पांढराफटक डाग.

"जन्मापासूनचा आहे," ते म्हणाले. "वडिलांनाही होता."

डॉक्टरांनी यादी फाडली. सासूबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. लेक मात्र त्या डागाकडेच बघत राहिली. तस्साच डाग तिच्या नडगीवर होता. लहानपणी आईच्या हातून उकळतं पाणी सांडलं, असं तिला सांगितलेलं, आणि त्या पाण्यावरून तिने आईला जन्मभर बोल लावले होते.

आई शेजारीच होती, मांडीवर नात घेऊन.

"आई, पाणी सांडलंच नव्हतं?"

"नाही गं. पायावर यांचा ब्रश चालेना, मग माझं नाव पुढे केलं."

लेकीला रडू आवरेना. फोटोवाले घाईघाईने पँट खाली करू लागले.

"राहू द्या वर," लेक डोळे पुसत म्हणाली. "बाळाच्या फाइलला फोटो लावायचाय. मी काढते. तुम्ही त्याला हात लावायचा नाही, बाबा."