अण्णांच्या अंगठ्याजोगा रिमोट

मोहनराव अण्णांना लकवा मारला त्याला सात महिने झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डाव्या हातातही जीव उरला तो अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात. हो म्हणायचं तर ते पापण्या मिटायचे, नाही म्हणायचं तर भिंतीकडे बघायचे. छबुबाई रोज संध्याकाळी दूध संस्थेत दूध घालून परत जाताना त्यांच्या उशाशी घटकाभर बसायची.

नातं काही रक्ताचं नव्हतं. मोठ्या दुष्काळाच्या साली छबुबाई आणि तिचा नवरा बंकट ऊसतोडीला गेले होते. मागं घरात म्हातारी सासू आणि एक गाभण गाय. विहिरीनं तळ दाखवला, कडबा संपला. अण्णा तेव्हा दूध संस्थेचे सेक्रेटरी होते. संस्थेनं जनावरांसाठी छावणी उघडली तशी त्यांनी स्वतः गाय नेऊन तिथं बांधली आणि म्हातारीला उन्हात एक खेप घालू दिली नाही. गाय छावणीतच व्याली. कालवड पुसायला फडकं सापडेना, तर अण्णांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. त्याच साली सभेत ठराव आला, की वर्षभर ज्यांनी दूध घातलं नाही त्यांची नावं सभासदांतून कमी करावीत; त्यात छबुबाईचंही होतं. अण्णा उठले आणि म्हणाले, "पाऊस पडला न्हाई, ही काय सभासदाची चूक हाय का?" ठराव तिथंच बारगळला. पुढं त्या कालवडीची गाय झाली, तिच्या पोटी आणखी झाल्या, आणि तीन-चार वर्षांत छबुबाईच्या हातातला कोयता सुटला. आता दिवाळीनंतर गाव रिकामं व्हायचं तेव्हा तिच्या दाराला कुलूप लागत नसे. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे. पण रोज गोठ्यात पाय ठेवला की अण्णांची आठवण झाल्यावाचून राहत नसे.

अण्णांचा मुलगा आसाराम चाकणला कामाला होता. त्यानं बापाचा वेळ जावा म्हणून हातात मावेल एवढा एक बाजा पाठवला होता. त्यात नखाएवढं कार्ड घालायचं, की शेकडो गाणी वाजत. सून अंजना पहाटेच तो कोनाड्यात ठेवून भजनं लावायची, ती दिवे लागेपर्यंत चालत. अण्णांना भजनांची लई गोडी आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला मायेनं सांगायची.

त्या दिवशी छबुबाई बसली असताना तिचं लक्ष अण्णांच्या हाताकडे गेलं. उशाशी बाज्याबरोबर आलेला रिमोट पडला होता. पत्त्याच्या पानासारखा पातळ, त्यावर हरभऱ्याएवढी एकवीस बटणं. अण्णांचा अंगठा त्याच्यावर चढायचा, रिमोट सटकायचा, अंगठा चादरीवर यायचा. पुन्हा चढायचा. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. सगळ्यांना वाटायचं, भजन ऐकून येतंय पाणी.

छबुबाई वाकली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, बंद करू का?"

अण्णांनी पापण्या मिटल्या, आणि बराच वेळ उघडल्याच नाहीत.

तिनं बाजा बंद केला. दारात उभी असलेली अंजना कावरीबावरी झाली. इतके महिने आपण या माणसाच्या कानाशी दिवसभर वाजवत राहिलो, आणि त्यांना नको म्हणताही येईना, हे तिच्या ध्यानात आलं. छबुबाईनं तिला पोटाशी धरलं. तिनं केलं ते मायेनंच केलं, यात तिचा काही दोष नाही, असं तिला समजावलं आणि बाजा मागून घेऊन पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारा उरकून ती दिंद्रुडला गेली. बाजारपेठेत सिद्धलिंग आप्पांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कपाळावर भस्माचे पट्टे, नाकावर उतरलेला चष्मा आणि बोलणं बेताचं, असा हा माणूस. तिनं रिमोट पाहिजे म्हटल्यावर आप्पांनी एक नवा कोरा पुढं केला. छबुबाईनं तो डाव्या हातात धरला, बाकीची बोटं मुठीत मिटली, डोळे झाकले आणि नुसत्या अंगठ्यानं बटण चाचपलं. एकाच दाबात दोन बटणं दबली. तिनं तो परत दिला. दुसरा घेतला, तो जड, हातातून घसरला. तिसऱ्याची बटणं इतकी ताठ, की तिचाच अंगठा दुखला.

आप्पा वैतागले. म्हणाले, "कशाला डोळे झाकता, ताई? रिमोट काय आंधळ्या माणसाला पाहिजे का?"

मग तिनं सगळं सांगितलं. अण्णांचं नाव निघाल्याबरोबर आप्पांनी चष्मा वर सरकवला. त्यांच्या धाकट्या भावाची दोन जनावरंही त्या छावणीत होती. फळीच्या खालून त्यांनी एक मोठा खोका ओढला. बंद पडलेल्या टीव्हींचे, मोडीत गेलेल्या यंत्रांचे जुने रिमोट त्यात भरले होते. आप्पांनी सांगितलं, की प्रत्येक बाजा प्रत्येक रिमोटचं ऐकतोच असं नाही. पण या स्वस्तातल्या मालाचं पुष्कळदा जमून जातं, हातानं लावून बघायचं.

दोघं बघत बसले. आप्पा सेल घालून रिमोट बाज्यासमोर धरायचे, एकेक बटण दाबायचे, काही झालं नाही तर बाजूला टाकायचे. गिऱ्हाईक आलं तर थांब म्हणायचे. विसाव्या की बाविसाव्या रिमोटला बाजा एकदम वाजू लागला. छबुबाई सावरून बसली. पुढं आणखी एक लागू पडला.

आता निवडायची वेळ आली. पहिला दिसायला देखणा होता, त्याची दाटीनं बसलेली सगळी बटणं चालत होती. आवाज कमी-जास्त, गाणं पुढं-मागं, रेडिओसुद्धा लागत होता. दुसरा कुठल्याशा जुन्या सीडीच्या यंत्राचा, कोपरा उडालेला. त्याची तीनच बटणं लागू पडत होती; पण ती रबराची, मऊ, चिंचोक्याहून मोठी. एक चालू-बंदचं, एक पुढच्या गाण्याचं, एक मागच्याचं. आप्पांच्या मनात पहिला होता. एवढ्या सोयी असताना तीन बटणांवर कशाला भागवायचं, असं त्यांचं म्हणणं.

छबुबाईनं दोन्ही रिमोट आळीपाळीनं अंगठ्याखाली धरून पाहिले. घाई केली नाही. शेवटी म्हणाली, "त्यांचा शब्द चुकला न्हाई पायजे, आप्पा. बंद म्हणायचं असंल तर बंदच झालं पायजे."

आप्पांनी मान हलवली. जुना रिमोट उघडला, नको ती सगळी बटणं आतून कापून काढली आणि भोकं प्लास्टिकच्या पट्टीनं बुजवली. चालू-बंदच्या बटणावर फेव्हिक्विकचा थेंब टाकून गव्हाएवढा उंचवटा केला, म्हणजे न बघताही हाताला कळावं. घसरू नये म्हणून पाठीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला. दुपारचं जेवण त्यांचं तसंच राहिलं.

संध्याकाळी छबुबाईनं बाजा कोनाड्यात ठेवला आणि रिमोट अण्णांच्या तळव्याखाली सरकवला. अंजना पायाशी उभी होती. अंगठा फिरला, उंचवट्यापाशी थांबला, दबला. भजन सुरू झालं. अंजनानं हात जोडले. अंगठा पुन्हा दबला. भजन थांबलं.

अण्णा ऐकत होते. बाहेर शेळी ओरडली, कुणाच्या तरी नळाचं पाणी घागरीत पडत होतं, लिंबावर साळुंक्या भांडत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कानावर आपलं गाव आलं. मग त्यांनी पुन्हा बाजा लावला आणि पुढचं बटण दाबत निघाले. भजन, भजन, आणखी एक भजन. कार्डाच्या शेवटी, रोजची भजनं जिथवर कधी पोचलीच नव्हती तिथं, एकाएकी ढोलकी कडाडली. आसारामनं कार्ड भरलं तेव्हा तमाशातली चार गाणी चुकून आली होती म्हणा, की मुद्दाम घातली होती म्हणा. अण्णांचा अंगठा तिथं थांबला. अंजनानं तोंडाला पदर लावला आणि हसू आवरेना म्हणून चुलीकडे पळाली. छबुबाईही हसली, हसता हसता तिला रडू आलं.

अण्णांनी हात उचलायचा प्रयत्न केला. तो बोटभरच उठला. तिच्या लक्षात आलं, की ते हात जोडू बघताहेत. तिनं त्यांचा हात घाईनं आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "तुमी न्हाई जोडायचे, अण्णा. ते आमचं काम हाय."

अण्णांनी भिंतीकडे बघितलं. नाही म्हणाले.

त्यानंतर अण्णा दोन वर्षं होते. कधी ढोलकी, कधी भजन, कधी काहीच नाही, असं त्यांच्या मर्जीनं चालायचं. छबुबाई दूध घालून यायची, तेव्हा लांबून गाणं ऐकू यायचं. ती अंगणात आली, तिच्या हातातल्या रिकाम्या किटलीची कडी वाजली, की गाणं बंद व्हायचं. मग ती उशाशी बसून गोठ्यातलं, घरातलं सगळं सविस्तर सांगायची, कुठली गाय माजावर आली, कुणी पान्हा चोरला, धाकट्या लेकीला दहावीला किती मार्क पडले. अण्णा ऐकायचे. ती उठून उंबऱ्यापर्यंत गेली, की मागं पुन्हा गाणं लागायचं.