बस गेली तं जाऊ दे

मिहिरनं गाणं लावलं आणि दुसऱ्याच ओळीला नरहर खुर्चीवरून उठला.

"बंद कर."

"काका, पूर्ण तं ऐका."

"बंद कर म्हटलं ना! कोण गाऊन राह्यली ही?"

प्रभाकररावांच्या बोरगाव मेघेतल्या घरी, बँडच्या तालमीच्या खोलीत, सगळे जमले होते. आवाज सुमतीचा होता. सुमती म्हणजे नरहरची बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं.

ती गेल्यापासून नरहर दूधवाल्यावर चिडे, शेजाऱ्यांवर चिडे, भेटायला येऊन "आता देवाचं करा" म्हणणाऱ्यांवर तर हमखास चिडे. बहुतेक वेळा चूक त्याचीच असे. या वेळी नव्हती.

"सुमतीकाकूच आहे," मिहिर म्हणाला. तो प्रभाकररावांचा मुलगा. पुण्यात ध्वनिमुद्रणाचं काम करायचा आणि बँडच्या पहिल्या रेकॉर्डचं सगळं त्यानंच अंगावर घेतलं होतं. "जुनी टेप हळू चालली होती, काका, म्हणून सूरही उतरला होता. मी स्पीड बरोबर केला. बस."

"बरोबर केला? अबे, शाळेतली पोरगी वाटून राह्यली ती! माझी बायको अशी गात नव्हती."

कोपऱ्यात सॅक्सोफोन पुसत बसलेला कुंदन हळूच म्हणाला, "मलेबी आवाज पातळच लागला, भाऊजी." कुंदन कारंजा घाडगेचा. लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, तिथून सुमतीनं त्याला इकडे आणलं. तिला तो ताई म्हणायचा, म्हणून नरहर त्याचा भाऊजी.

या बँडची चाल संथ का, हे वर्ध्यात बहुतेकांना ठाऊक होतं, कारण प्रभाकरराव प्रत्येक कार्यक्रमात तो किस्सा सांगत. तरुणपणी सेवाग्रामला आलेला एक परदेशी मुलगा जाताना कॅसेटचं एक खोकं त्यांच्याकडे टाकून गेला. सगळं अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत. ऑर्गन, सॅक्सोफोन, आणि पोटात धक्का देणारा बेस. प्रभाकरराव कॉलेजात शिकवत, नरहर पाटबंधारे खात्यात कारकून, सुमती पवनारच्या शाळेत मास्तरीण. संध्याकाळी सुटले की सगळे टेपभोवती बसत. नेमकं तेव्हाच व्होल्टेज पडे. टेपचा पट्टाही सैल झालेला. गाणी रेंगाळत, खालच्या सुरात वाजत, आणि हे तशीच शिकत. पुढं सीडी आल्या, खरी गाणी ऐकली, तेव्हा कळलं की ती चांगलीच पळती होती. सगळे पोट धरून हसले. सुमती म्हणाली, "त्यायले घाई हाये. आपल्याले कुठं जायचं आहे?" आणि बँडनं आपली चाल सोडली नाही.

लग्नाच्या ऑर्डरी मिळत त्या फिल्मी गाण्यांसाठी. यांची स्वतःची गाणी वाजत ती पंगत उठल्यावर. खुर्च्या उचलणारी माणसं तेवढी ऐकत. मग म्हातारपणी कुणी तरी एक व्हिडिओ टाकला, मुंबई-पुण्याची पोरं नाचायला लागली, बोलावणी आली. पेपरवाल्यांनी या संथपणाचंच कौतुक केलं. आता मुंबईची एक कंपनी रेकॉर्ड काढत होती. त्यात सुमतीचं एकच गाणं होतं, तिनंच लिहिलेलं. स्टुडिओत नीट मुद्रित झालेला तिचा आवाज तेवढाच. बाकी सगळे मोबाइलचे व्हिडिओ, अर्धे गाणं आणि अर्धे लोकांच्या शिट्ट्या.

*बस गेली तं जाऊ दे, दुसरी येईन*
*फाट्यावर बसू, चहा घेऊ, सावली तिकडं जाईन*

पवनारच्या फाट्यावर रोज बसची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं. बस चुकली, तरी तिला काही वाटत नाही.

"आणि तुझ्या गाण्यात काय होऊन राह्यलं, सांगू?" नरहर मिहिरला म्हणाला. "ती बसमागं धावून राह्यली. पदर खोचून. आयुष्यात ती कशाच्या मागं धावली नाई बे!"

"काका, टेपच हळू होती. बाबा तं स्टेजवर सांगतात."

"ते घरच्या टेपचं! हे गाणं नागपूरले रेकॉर्ड केलं, स्टुडिओत, चांगल्या मशीनवर. आम्हीच तसे वाजवत होतो. प्रभाकर, सांग याले."

प्रभाकरराव ऑर्गनच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवत होते. फिरवतच राहिले.

"कंपनीले आवडलं आहे," ते म्हणाले. "ऐकायले बरं वाटते तसं."

फडकं थांबत नाही, हे नरहरनं पाहिलं. मग त्याला कळलं.

"तुले माहीत होतं."

"नरहर, बस खाली."

"पोराचं चुकलं. त्यानं तुझा घरच्या टेपचा किस्सा या गाण्यालेबी लावला. पण तू ऑर्गन वाजवला त्यात! तुले पहिल्याच सुराले कळलं असन. अन् तू गप्प बसला?"

"मंग काय करू?" प्रभाकररावांचाही आवाज चढला. "सत्तरी आली आपली. जेवून ढेकर देत जाणाऱ्या लोकांच्या पाठीले गाणं ऐकवलं आपण जिंदगीभर. आता कोणी बसून ऐकून राह्यलं, तं तू थोड्याशा स्पीडसाठी भांडून राह्यला!"

"थोडासा? तुझी बायको आत चहा करून राह्यली. तिचा आवाज असा कर अन् रोज ऐक!"

स्वयंपाकघरात कपबशा वाजत होत्या, त्या थांबल्या.

नरहर आपल्या ड्रमवर जाऊन बसला. "लाव रे ते तुझं. मी साथ देतो."

"काका..."

"लाव!"

मिहिरनं गाणं लावलं. नरहरनं सुरुवात केली ती जुन्याच चालीनं. सुमती पुढे पळाली आणि तो मागे राहिला. कानाला नको नको व्हावं असा गोंधळ झाला. ताशे बडवल्यासारखे त्याचे हात पडत होते, पण चाल तसूभर हलत नव्हती. कुंदननं सॅक्सोफोन तोंडाला लावला आणि नरहरच्या बाजूनं वाजवायला लागला. तिकडे सुमतीचं गाणं उरकलंसुद्धा. हे दोघं अजून दुसऱ्या कडव्यातच होते.

नरहर थांबला नाही. घाम डोळ्यांत जात होता, पुसलाही नाही. वाजवता वाजवता ओरडला, "ये ना बे! का तुलेबी बस पकडायची आहे?"

प्रभाकररावांनी फडकं बाजूला टाकलं. मग त्यांचा हात ऑर्गनवर गेला. इतकी वर्षं वाजवलेलं गाणं, हाताला विचार करावा लागला नाही. हात पडला तो खालच्या पट्टीत, मिहिरनं स्पीड वाढवण्याआधी टेपवर होतं त्याच पट्टीत.

मिहिरनं मान वर केली. गाणं संपेपर्यंत तो बापाच्या बोटांकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही या पट्टीत वाजवत होते?"

"हाओ."

"म्हंजे टेप बरोबर होती?"

"होती."

"अन् तुम्ही मले सांगितलं नाई! माझं नाव आहे त्याच्यावर, बाबा. मी माती केली त्या गाण्याची, अन् तुम्ही बाजूले बसून वा वा करत होते?"

मोबाइल घेऊन तो अंगणात गेला. बराच वेळ कंपनीवाल्यांशी बोलत होता. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"ते म्हणतात, बाकीच्या गाण्यायहून हे लयच संथ आहे, ठेवता येत नाई, लोक मधातच सोडून देतात. ठेवायचं तं फास्टवालंच ठेवा, नाई तं गाणंच काढा. आजच सांगा म्हणतात."

"काढ," नरहर म्हणाला.

"नरहर," प्रभाकरराव म्हणाले, "मंग रेकॉर्डवर तिचा आवाज कुठंच राहणार नाई. लोकायले कळणारबी नाई, आपल्यात सुमती होती म्हणून."

हे नरहरला कळत नव्हतं असं नाही. हॉस्पिटलात पडल्या पडल्या तिनं विचारलं होतं, आपली रेकॉर्ड निघंन का हो? त्यानं निघंन म्हटलं होतं. ते आठवलं म्हणून तो आणखीच चिडला.

"नको राहू दे. ती नाई तं नाई. तिच्या नावानं दुसरीच कोणी तं नाई राहणार! काढ म्हणा."

गाणं रेकॉर्डवरून काढलं गेलं. चहा न घेताच नरहर घरी गेला आणि रेकॉर्ड निघाली त्या दिवशीच्या कार्यक्रमापर्यंत प्रभाकररावांशी एक शब्द बोलला नाही.

कार्यक्रम वर्ध्यातच झाला. हॉल भरला होता. रेकॉर्डवरची सगळी गाणी नरहरनं वाजवली, चोख वाजवली, टाळ्या पडल्या तेव्हा मान वर केली नाही. शेवटचं गाणं झालं. पुढच्या रांगेतले पाहुणे उठले, बायका पर्स शोधायला लागल्या, खुर्च्या करकरल्या. प्रभाकररावांनी सवयीनं माइक ओढला. "आमच्या बँडची एक गंमत आहे. आमच्या घरी एक टेप होता..."

नरहरनं झांजेवर असा दणका दिला की पुढची रांग दचकून मागे वळली.

"तो किस्सा बंद," तो म्हणाला. माइक नसतानाही सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रभाकररावांनी माइक बाजूला केला. नरहरनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. काठ्या एकमेकींवर आपटत त्यानं चाल दिली, तीच जुनी. कुंदननं सॅक्सोफोनवर सुमतीची ओळ धरली. ती जिथं श्वास घ्यायची, तिथं तोही थांबत होता. ऑर्गन जरा उशिरानं आला, पण खालच्या पट्टीत आला.

दारापाशी गर्दी झाली होती. काही लोक वळून उभे राहिले, बाकीचे जात होते. जाऊ देत. नरहरनं हात भरभर चालवला नाही.