फेसाचे ढग आणि राणीसाहेब

मुंगी नावाच्या मुलीच्या घरात मळकं काही टिकतच नसे. बाबांची लॉन्ड्री होती ना! पुढच्या खोलीत आत्या इस्त्री फिरवायची, मधल्या खोलीत बॉयलर फुसफुसायचा, आणि मागच्या अंगणात ओल्या चादरी अशा फुगायच्या की आता घरच उचलून नेतील असं वाटावं. वाफेत सगळं पुसट व्हायचं. खोकला ऐकू आला की कळायचं, हे बाबा आहेत, टांगलेला कोट नाही.

पण नऊ वर्षांच्या मुंगीचा जीव होता मागच्या ओढ्यात. लॉन्ड्रीच्या पाइपचं तोंड तिथेच उघडायचं. सकाळी पहिलं पाणी सुटलं की ओढ्यावर पांढराशुभ्र फेस चढायचा, ढिगानं! वारा आला की एखादा तुकडा सुटून हळूच वर तरंगायचा. मुंगीला वाटायचं, जगभरचे ढग इथेच तयार होतात आणि बाबांना त्याचा पत्ताच नाही.

एका सकाळी त्या ढगांतून एक बदक आलं. एकटंच. चिखलानं माखलेलं, पण तोरा असा, जणू ओढा त्याच्याच नावावर आहे. मुंगीनं लगेच नाव ठेवलं, राणीसाहेब.

"अगं बाई, काय हा अवतार!" म्हणत तिनं राणीसाहेबांना उचललं, टबात बसवलं आणि कॉलर घासतात तसं मायेनं घासलं. साबण दोनदा. राणीसाहेब दुधासारख्या निघाल्या. मग मुंगीनं त्यांना ऐटीत ओढ्यात सोडलं.

आणि राणीसाहेब बुडू लागल्या. आधी शेपूट पाण्याखाली गेलं, मग पाठ. शेवटी फेसातून नुसती मान उरली, आणि ती मान मुंगीकडे बघत होती.

मुंगी धावली ती थेट गुडघाभर पाण्यात. भिजलेल्या उशीसारखं जड झालेलं बदक छातीशी धरून ती रडतच घरात शिरली. "आत्या, मी हिला मारलं गं!"

"मेली नाहीये, कुडकुडतेय. टॉवेल आण आधी." आत्यानं इस्त्री उभी केली. "शहाणे, बदकाच्या पिसांवर तेल असतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. तू साबणानं तेलच काढलंस. रेनकोटाचा टॉवेल केलास तिचा!"

"परत येईल तेल?"

"येईल. स्वच्छ पाण्यात ठेवू. शेपटीजवळ तेल असतं, तेच ती चोचीनं पिसांना चोळत बसेल. आठवडा तरी लागेल."

मुंगीनं नाक पुसलं. आणि थबकली. "पण मग सोडायचं कुठे? ओढ्यातही साबणच आहे की!"



"पूर्वी इथे वीसेक बदकं असायची," आत्या हळूच म्हणाली. "का गेली, कोणी विचारलंच नाही."

बाबा वाफेतून पुढे आले. "मग काय, धुलाई बंद करू? आणि खायचं काय, फेस?"

"बंद नका करू. पण बाबा, आपण सगळ्यांचं सगळं धुतो. पाणीच तेवढं मळकं सोडतो."

 बाबांनी फावडं शोधलं.

आठवडाभर तिघांनी खड्डा खणला. त्यात खडी टाकली, वाळू टाकली, काठाला दाट वाळ्याचं गवत लावलं. पाइप ओढ्याऐवजी त्या खड्ड्यात वळवला, म्हणजे पाणी वाळूतून गाळूनच ओढ्याकडे झिरपेल. आत्यानं साबणाचं माप निम्म्यावर आणलं आणि कपडे तरीही स्वच्छ निघाले, म्हणजे इतकी वर्षं उगाचच ओतत होतो, असं पुटपुटली.

मग राणीसाहेबांना ओढ्यावर नेलं. बाबांनी श्वास रोखून धरला. बदक पाण्यात उतरलं, डुललं आणि तरंगलं! थेंब पाठीवर चढायचे आणि घसरगुंडीवरून यावेत तसे खाली यायचे.

ओढ्यावर आता ढग नव्हते. मुंगीला चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला. पण तळाचे हिरवे दगड दिसत होते आणि राणीसाहेब त्यांच्यावरून, हवेत चालावं तशा, सरकत होत्या.

बाबांनी श्वास सोडला. "चला," ते म्हणाले, "गिऱ्हाईक खूश दिसतंय."