न दाबलेलं लाल बटण

मित्रांनो, तबकडी, कॅसेट आणि रेडिओ हे तिन्ही एकाच पेटीत असलेलं यंत्र तुम्ही पाहिलंय का? त्याला थ्री-इन-वन म्हणत. तो मीच. तबकडीवरचं गाणं कॅसेटवर उतरवायचं असलं, की माझं लाल बटण दाबायचं, बस्स.

मला मामांनी विकत घेतलं; सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं, पण त्यांचा खरा जीव सिनेमातल्या न मिळणाऱ्या गाण्यांत. बंद पडलेली थिएटरं, भंगाराची दुकानं, कुठून कुठून ते तबकड्या शोधून आणत. मऊ फडक्याने पुसून माझ्यावर ठेवत. गाणं लागलं, की आलेली माणसं हातातली पिशवी खाली ठेवून उभी राहत. "मामा, मला एवढं उतरवून द्या ना," म्हणत. मामांना नाही म्हणता येत नसे. त्या दिवसांत माझा काय थाट होता!

मग एका दुपारी पोलीस आले. बरोबर गाण्यांच्या कंपनीचा माणूस होता. भरलेल्या सगळ्या कॅसेटी त्यांनी पोत्यात घालून नेल्या आणि मामांनाही नेलं. मामांची भाची वकील. तिने धावपळ करून मामांना सोडवलं, पण यापुढे प्रती काढणार नाही, असं त्यांना लिहून द्यावं लागलं.

"अगं, बाजारात जे मिळतच नाही, ते उतरवलं तर मी कुणाचं काय चोरलं?" मामांनी विचारलं.

"मामा, तबकडी तुमची आहे, गाणं तुमचं नाही. मिळत नाही म्हणून ते तुमचं होत नाही. घरी बसून खुशाल ऐका. पण पुन्हा प्रत काढलीत, तर मलाही काही करता येणार नाही."

मामा शब्दाचे पक्के. त्यांनी माझ्या लाल बटणावर चिकटपट्टी लावून टाकली.

काही वर्षांनी एक निवृत्त पोस्टमनकाका दुकानात आले. "माझी बायको तरुणपणी एका सिनेमात गायली होती हो. एकच गाणं. सिनेमा थिएटरांतून लगेच उतरला, तबकडी आम्हाला कधी मिळालीच नाही. आता घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेलाय. नातवंडांनी आजीचं गाणं कधी ऐकलंच नाही."

मामा त्या तबकडीसाठी पायांचे तुकडे पडेपर्यंत हिंडले. शेवटी एका बंद हॉटेलच्या माळ्यावर ती सापडली. तिला काठापासून बारीक तडा गेलेला होता.

भाचीने परवानगीसाठी कंपनीला फोन लावला. जुनी कंपनी केव्हाच विकली गेली होती. नवीन कंपनीतली बाई म्हणाली, "हे गाणं आमच्या यादीत नाही. पण ते आमचं नाही, असंही आम्ही म्हणत नाही."

"मग परवानगी द्यायची कुणी?"

"ते आम्हाला सांगता येणार नाही."

भाचीने आणखी बरेच दरवाजे ठोठावले. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. शेवटी मामा म्हणाले, "चल, निदान काकूंना त्यांच्या घरी ऐकवून तरी येऊ." काखेत तबकडी आणि हातात मी, असे ते निघाले. भाचीही बरोबर आली.

नातवंडं संध्याकाळी येणार होती. काकूंना मात्र धीर धरवेना. मामांनी सुई टेकवली. तड्यावर टकटक होत होती, तरी गाणं सुरू झालं. काय कोवळा, मोकळा आवाज होता तो! काकूंचे ओठ हलू लागले. काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मामांचं बोट चिकटपट्टीवर आलं. त्यांनी भाचीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. मामांनी बोट मागे घेतलं.

गाणं संपलं. काकूंनी पाटीवर लिहिलं, 'पुन्हा.'

मामांनी पुन्हा लावलं. सुई तड्यात अडकली, कट् असा आवाज झाला आणि माझ्यावर फिरता फिरता तबकडीचे दोन तुकडे झाले.

मग भाची हळूच म्हणाली, "मामा, दाबायचं होतंत ना बटण."

मामा मला तिथेच सोडून घरी गेले. त्यानंतर त्यांनी गाणी शोधणं थांबवलं, असं पुढे काकांच्या बोलण्यात आलं.

संध्याकाळी नातवंडं आली. "आजी, तुझं गाणं लाव ना!" म्हणून मागे लागली. काकांनी घसा खाकरून ते स्वतःच गुणगुणायला घेतलं. ते चुकत होते. काकू जोरजोरात मान हलवून नाही, नाही म्हणत होत्या. पण बरोबर चाल कोणती, हे सांगायला त्यांच्याकडे आवाज नव्हता.

मित्रांनो, मी अजून याच घरात, एका कोपऱ्यात आहे. कायदा मोडा, असं मी सांगणार नाही. माझ्या हातून आता काही होण्यासारखंही नाही. एवढंच मागतो : तुमच्या घरात कुणी स्वयंपाक करताना, पाळणा हलवताना गात असेल, तर त्या माणसाला विचारा आणि तो आवाज आजच जपून ठेवा. तिथे परवानगी देणारं माणूस अजून तुमच्यासमोर आहे.