परतीच्या मालाचा ट्रक

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा भंगारवाल्यानं माझ्या पत्र्यावर टिचकी मारली आणि कान लावून आवाज ऐकला. बाजारात बाया माठ घेताना ऐकतात, तसा.

मी एक ट्रक बोलतोय. सहा चाकांचा, तेलगाव फाट्याजवळ बाभळीखाली उभा. कपाळावर माझ्या मोठ्या अक्षरांत 'रस्त्याचा राजा' लिहिलंय. ते वाचून भंगारवाला हसला. हसू द्या. मागं एकदा राजाला ट्रॅक्टरनं ओढत आणलं, तेव्हा सगळा फाटाच हसला होता.

माझा जन्म कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात झाला, पण मला डोक्यावर चढवलं ते इथल्या कापसानं. जिनिंगच्या दारात माझा नंबर लागला की हमालांची धावपळ व्हायची. एकाच पार्टीचा माल, काठोकाठ, वर ताडपत्री आणि दोरखंड. याला आमच्यात फुल लोड म्हणतात. फुल लोड अंगावर असला की मला वाटायचं, रस्ता आपल्यासाठीच केलाय. मागं एसटी हॉर्न वाजवून दमायची, मी काही बाजूला व्हायचो नाही. माझा मोठेपणा एवढाच.

मग मंदी आली. जिनिंग अर्धी चालली, साखर कारखान्याचं धुराडं लवकर थंड झालं आणि फाट्यावर माझ्यासारखे बरेच राजे ओळीनं उभे राहिले. चाकांभोवती गाजरगवत वाढलं. शेळ्यांनी ते सुद्धा खाल्लं नाही.

माझे मालक अर्जुनराव मला विकायला निघाले. त्याच सकाळी त्यांनी सतीशलाही बोलावलं. सतीश दुधाच्या टँकरवर पगारी ड्रायव्हर, पण स्वतःची गाडी असावी असं त्याच्या मनात फार वर्षांपासून होतं. अर्जुनराव म्हणाले, "अंबाजोगाईला पेंडीची पोती न्यायचीत. एक खेप मारून बघ. जमली तर तुझी गाडी, न्हाईतर हा टिचकीवाला कापून नेतो."

तेव्हा सतीशची बायको राजश्री पुढं आली. कडेवर लेक, लेकीच्या तोंडात तिच्याच पदराचं टोक.

"लोक गाड्या विकायलेत अन् तुमी घ्यायलात. कावून?"

"सगळे विकायलेत म्हणून तर मिळायली."

"अन् टँकर सोडल्यावर मालक थांबंल का तुमच्यासाठी?"

"सोडला की त्याच दिशी दुसरा ड्रायव्हर ठेवील."

राजश्रीनं लेकीच्या तोंडातून पदर काढला. "मंग मी बी येते या खेपेला. घरी बसून जिवाला घोर लावून घ्यायचा, त्यापरीस डोळ्यानं बघते."

सासू पारूबाई फाट्यालगतच्या घराच्या दारातून ओरडली, "लेकराला घिऊन ट्रकात? लोक काय म्हणतील, राजी?"

"लोक पगार देतेत का, आत्या?" असं म्हणून ती चढलीसुद्धा.

मी मनाशी ठरवलं, आज शहाण्यासारखं वागायचं. ही बाई नाही म्हणाली की मी भंगारात. पण शहाणपण माझ्या नशिबात कुठलं? पोती चढली, पण चालू व्हायलाच चौघांचा धक्का लागला. दार बंद होईना म्हणून सुतळीनं बांधलं. डावीकडं वळलो की माझा हॉर्न आपोआप वाजतो, तो वाजला आणि राजश्रीनं लेकीला घट्ट धरलं. लेक मात्र खुदकन हसली. मला वाटलं, निदान एक जण तरी आपल्या बाजूनं आहे.

धारूरच्या घाटात मी उकळलो. वाफ निघाली. राजश्रीनं खाली उतरून, कुणी सांगायच्या आत, मागच्या चाकाला दगड लावला.

"हे रोजच असं करतंय का?"

"न्हाई गं, घाटातच."

"मंग घाटाशिवाय जायला दुसरा रस्ता हाय का?"

सतीश पाणी ओतत राहिला. मीही वाफ सोडत राहिलो.

अंबाजोगाईच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, पोती उतरली. आता परतीचा माल शोधायचा. फाटकाजवळ झाडाखाली ड्रायव्हर मंडळी पत्ते खेळत होती. "काय बे सत्या, बायकोलाच क्लीनर ठेवलं का?" एकानं विचारलं. सतीश हसला आणि त्यांच्यात जाऊन बसला. फुल लोड मिळेपर्यंत बसायचं, अशीच आमची रीत. कुणी परवापासून बसलं होतं, कुणी त्याच्याही आधीपासून.

ऊन माझ्या चाकाखालून सरकत दुसऱ्या बाजूला गेलं. राजश्रीनं विचारलं, "रिकामं गेलो तर?"

"तर डिझेल आपल्या अंगावर."

"अन् हे असं दरवेळी?"

सतीशनं पत्ता टाकला. राजश्री लेकीला घेऊन फाटकाबाहेर निघून गेली. ती एसटी धरायला गेली असं सतीशला वाटलं, मलाही वाटलं. गॅस कटरची निळी ज्योत माझ्या डोळ्यांसमोर नाचू लागली.

पण ती परत आली. तिच्यामागं एक हातगाडी, हातगाडीवर पिठाची जुनी गिरणी, आणि गिरणीला धरून चालणारी एक बाई. बाई तेलगावचीच, चतुराबाई नावाची. एसटीच्या कंडक्टरनं तिला गिरणीसकट खाली उतरवलं होतं.

"हिची गिरणी घ्या," राजश्री म्हणाली.

पत्तेवाले हसले. "सत्या, ट्रक हाय का रिक्षा बे?"

सतीशचे कान लाल झाले. खरं सांगतो, मलाही फार लागलं. कापसाच्या गाठी वाहिलेला मी, आणि माझ्यात गिरणी? पण राजश्रीनं गिरणी चढवून घेतलीच. मग तिनंच शोधलेलं एक लोखंडी कपाट आलं. कॉलेज संपवून आडसला घरी निघालेल्या पोराची खाट आणि कूलर आला. शेवटी एक बोकड आला आणि त्यानं चढताचढताच माझ्या फळीवर आपलं मत मांडलं. एवढं भरूनसुद्धा मी अर्धा रिकामाच. तसेच निघालो. त्यात आडसच्या अलीकडं वळणावर कपाट सरकलं, पोचा आला, आणि कपाटवाल्यानं आडसला उतरताना राजश्रीला दहा जणांत सुनावलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली. दोर बांधायचा असतो हे सतीशला माहीत होतं. पण लाजेपोटी तो मागं फिरकलाच नव्हता.

चतुराबाई केबिनमध्ये बसली होती. राजश्रीनं तिला विचारलं, "मंदीत गिरणी टाकायलात, भ्या न्हाई वाटत?"

"लई वाटतंय बाई. तुमाला?"

"मला बी." आणि दोघी एकदम हसल्या. का हसल्या, ते मला अजून कळलेलं नाही.

आडस सोडल्यावर राजश्री सतीशकडं न बघता बोलली, "गाडी घ्यायला माझी ना न्हाई. पर तुमी त्या झाडाखाली पत्ते कुटत बसणार असाल, तर माझ्या लेकरानं काय खायचं?"

"मी ड्रायव्हर हाय, राजी. दारोदार बोचकी मागत फिरणारा न्हाई."

"मंग टँकरच बरा."

विषय संपला. चतुराबाई खिडकीबाहेर बघू लागली. मी नुसता चालत राहिलो. आपला निकाल लागला हे मला कळलं होतं.

धारूरच्या स्टँडसमोर एक म्हातारा पत्र्यांच्या गठ्ठ्याजवळ उभा होता. त्याला न घेताच एसटी निघून गेली होती. आम्हीही त्याच्यासमोरून पुढं गेलो. बरेच पुढं गेलो. मग सतीशनं ब्रेक दाबला. मी ब्रेक लागल्यावरही थोडं पुढं जाऊनच थांबतो, तसा थांबलो. सतीशनं मला मागं घेतलं, सगळ्या स्टँडच्या देखत, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, पत्रे कुठं न्यायचेत?"

"तेलगावला. पर तुजी गाडी लई मोठी हाय रं."

"मोठी हाय म्हणून तर बसतील. थांबा, मी उचलतो."

तो उतरला. पत्रे स्वतः चढवले, दोर स्वतः आवळला, दोनदा ओढून बघितला. म्हाताऱ्याला जागा व्हावी म्हणून राजश्रीनं लेकीला दुसऱ्या मांडीवर घेतलं, एवढंच.

तेलगावला उतरताना चतुराबाई म्हणाली, "जयभीम ताई. पीठ दळायला माझ्याकडंच या."

आता मी सतीश-राजश्रीचा. टँकरवर दुसरा ड्रायव्हर आलाय, मागं फिरायची वाट उरलेली नाही. राजश्रीचा जीव अजून थाऱ्यावर नसतो. मी घाटात असलो की तिचा फोन येतो, गाडी उकळली का म्हणून. मी उकळलेलाच असतो. पण आता ती घरी बसून फोनवरच परतीचा माल जमवते, आणि सतीश कपाटाला दोन दोर बांधतो. अजून कित्येकदा मी अर्धा रिकामा येतो. मंदी काही माझ्यासाठी थांबलेली नाही.

म्हणून तुम्हाला विनंती. अंबाजोगाई, आडस, धारूरकडून तेलगावला काही आणायचं असेल, खाट, कपाट, शिलाई मशीन, बोकड, काहीही, तर मोंढ्याच्या फाटकाशी सतीशची गाडी विचारा. लाजू नका, मीही आता लाजत नाही. आणि तुमचं स्वतःचं काही नसेल, तर ज्याचं असेल त्याच्या कानावर एवढं घाला.