दिव्याची पाठ

उजेडाचं कौतुक तुम्हाला फार. दिवा लागला की तुमचे चेहरे फुलतात. पण त्या दिव्याच्या पाठीला हात लावून, इथे कोण भाजतंय, असं तुमच्यापैकी एकानेही आजवर विचारलेलं नाही.

मी बोलतोय, माशांच्या टाकीवरच्या एका घरगुती दिव्याच्या पाठीला बसवलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि अंगावर कंगव्यासारख्या बावीस उभ्या पात्या. जाणकार मला हीटसिंक म्हणतात. दिव्याची उष्णता ओढून घ्यायची आणि पात्यांमधून हवेला देऊन टाकायची, हे माझं काम. साठवून ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

जन्म माझा दूर, बर्फाच्या देशातल्या एका कारखान्यातला. जहाजाने क्यूबात आलो आणि एका साखर कारखान्याच्या वसाहतीतल्या सिनेमागृहात ध्वनियंत्राच्या पाठीवर जाऊन बसलो. सव्वीस वर्षं मी पडद्याकडे पाठ करून सिनेमे ऐकले. गोळीबार सुरू झाला की तापायचो, दोघं हळू आवाजात बोलायला लागली की निवायचो. ते यंत्र फर्मिन चालवायचा. खेळ संपला की माझ्यावर तळहात ठेवून म्हणायचा, "दमलास का रे?" मला असं विचारणारा तो एकटाच.

मग कारखाना बंद झाला. पहाटेचा भोंगा थांबला, तशी वसाहत घड्याळ हरवल्यासारखी झाली. सिनेमागृहाला कुलूप लागलं, यंत्र मोडीत निघालं. फर्मिनने मला पिशवीत घालून घरी आणलं. "कधीतरी लागेल," म्हणाला. आमच्याकडे सगळेच असं म्हणतात, म्हणून आमच्या बेटावर काही फेकलं जात नाही आणि लागेपर्यंत त्याचे हालही थांबत नाहीत. माझं काय झालं? मागच्या दाराशी मला उताणा ठोकून ठेवलं. शेतातून येणाऱ्यांनी माझ्या पात्यांवर बुटांची तांबडी माती खरवडायची! सतरा वर्षं मी पायपुसणं होतो. मला याचा राग आहे. ज्याला जे येतं ते करू न देणं, याच्याइतकी मोठी नासाडी नाही.

फर्मिनची बायको झेनाइदा. कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिने तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली साखरेचे कण तपासले होते. आता तिच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजत चालला होता. डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. यावर औषध नाही, म्हणाल्या. उजेड भरपूर असेल तोवर थोडं दिसेल, पण किती दिवस ते सांगता येणार नाही.

झेनाइदाने घरात काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात गोगलगायी होत्या आणि पेरूच्या वडीच्या डब्याच्या बदल्यात मिळालेल्या नखाएवढ्या अकरा लाल कोळंब्या होत्या. एकीने पोटाखाली अंडी धरली होती.

"अंडी पिकली ना, की पिल्लांचे डोळे दिसतात," ती फर्मिनला म्हणाली. "अंड्याच्या आत काळे ठिपके. ते मला एकदा बघायचेत. तोवर डोळ्यांनी दम धरला, की झालं."

फर्मिनने एका बिघडलेल्या मोठ्या दिव्यातले चार जोरदार एलईडी मिळवले. पाठीला काही न लावता पेटवले, तर पहिला दहा मिनिटांत जळाला. उरले तीन.

आता पाठीला कोणता धातू लावायचा? आमच्या वसाहतीत असे प्रश्न डोमिनोच्या टेबलावर सुटतात. भर दुपारी अंगणात सोंगट्या बाजूला सारून शर्यत ठरली. उकळत्या पाण्याच्या पातेल्यात प्रत्येक धातूचं एक टोक बुडवायचं, दुसऱ्या टोकावर चरबीचा ठिपका ठेवायचा. ज्याचा ठिपका आधी वितळेल तो जिंकला. शेजारची कारुका चरबी घेऊन आली. धुलाईयंत्राचा लोखंडी पत्रा आला, मातीसकट मी आलो, आणि कारखान्यातला जुना तांबट लादिस्लाओ काखेत एक जाड तांब्याची पाटी घेऊन आला. साखर शिजवायच्या कढईची होती ती. कारखाना मोडला तेव्हा त्याने तेवढीच मागून घेतली होती.

"या पायपुसण्याला कशाला आणलंस, गड्या?" लादिस्लाओ हसला.

"पळू दे त्यालाही," फर्मिन म्हणाला. "माझा जुना नोकरीतला सोबती आहे."

तांब्यावरची चरबी बघता बघता वितळली. माझ्यावरची कितीतरी उशिरा. लोखंडावरची तर कारुकाने शेवटी परत डब्यात घातली.

"बघा! चाळीस हंगाम साखर शिजवलीय याने!" लादिस्लाओने टेबलावर मूठ आपटली. "तुझा दिवा म्हणजे याला चहाचा कप."

कुणीही पाहिलं नाही, की माझ्याकडची उष्णता वाटेतच पात्यांतून हवेत उडत होती. तिला उडवून लावणं हाच तर माझा गुण! शर्यत लावली होती कोण लवकर पोचवतं याची; दिव्याला हवं होतं कोण लवकर सोडून देतं ते. पण साखरेच्या गावात तांब्याविरुद्ध कोण बोलणार? मी परत दाराशी गेलो. माझी जागा टाकीपाशीच्या खिडकीच्या समोरच होती, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

तांब्याची पाटी जड. तिच्या वजनाने टाकीवरचं काचेचं झाकण तडकलं, तेव्हा फर्मिनने ते काढून टाकलं आणि पाटी दोन लाकडी पट्ट्यांवर थेट पाण्यावर ठेवली. दिवा लागला. झेनाइदाला पहिल्यांदाच कोळंब्यांच्या मिशा दिसल्या, आणि ती लहान मुलीसारखी हसली. लादिस्लाओ रोज सकाळी यायचा आणि कारखान्यातल्या सवयीने आंबट संत्रं नि मीठ लावून पाटी घासून चकचकीत करायचा. टाकीतली वाफ पाटीला लागायची, थेंब धरायचे, खाली पडायचे.

पाचव्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. आठव्या दिवशी झेनाइदा म्हणाली, "फर्मिन, तळाशी काहीतरी लाल पडलंय. फुलं आहेत का?"

फर्मिनने वाकून पाहिलं. "कोळंब्या आहेत," म्हणाला. "सात... नाही, आठ."

"पाटीच्या खालून बोट फिरव. काय रंग येतो?"

"हिरवट. नाही, निळसर."

"हिरवट की निळसर?"

"म्हातारे, मी सिनेमावाला आहे. मधला."

तिने ते बोट हातात धरून दिव्याजवळ, अगदी डोळ्यांशी नेलं. "तीस वर्षं तांब्याच्या निळ्या पाण्याने साखर तपासली मी. हा रंग मला आंधळी झाल्यावरही कळेल. तांबं विरघळतंय. माणसाला चालतं, साखरेला चालतं, कोळंबीला त्याचा थेंबही विष. काढ ते."

"आणि लादिस्लाओला काय सांगू? रोज येऊन पुसतो बिचारा. त्याच्याकडे कारखान्याचं तेवढंच उरलंय."

"मला सांग की," दारातून आवाज आला. लादिस्लाओ उभा होता, हातात अर्धं संत्रं. त्याने सगळं ऐकलं होतं. तो टाकीजवळ आला, टोपी काढली आणि स्वतःच्या हाताने पाटी उचलून बाहेर नेऊन ठेवली. मग दाराशी माझ्यापुढे उकिडवा बसला आणि खिशातून चाकू काढला.

सगळी सकाळ तो माझ्या पात्यांमधली माती काढत होता. "फर्मिन," मध्येच म्हणाला, "या लेकाच्या पोटात अख्खा रस्ता आहे रे!" मग मला साबणाने धुतलं, तासून पाठ सपाट केली, भोकं पाडली. दिवे बसवताना फर्मिनने मधे बाळांना लावतात ते पांढरं मलम तेलात कालवून पातळ चोपडलं, म्हणजे अंगाला अंग लागावं आणि उष्णता वाटेत अडू नये. मी हलका, टाकीवर पुन्हा काच ठेवता आली. त्या काचेच्या वर, पाण्यापासून दूर, मी बसलो.

दोघांनी पाणी बदललं, थोडं थोडं करून, चार दिवस. तीन कोळंब्या वाचल्या. अंडीवाली त्यांत होती की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. ती पाणवनस्पतीच्या मुळांमागे दडली असेल, असं झेनाइदा म्हणत राहिली. फर्मिन "हो" म्हणायचा आणि तोंड फिरवायचा.

आज सकाळी दहाला वीज आली. वीज आली की आमच्याकडे कुणी इस्त्रीकडे धावतं, कुणी पाण्याच्या पंपाकडे. झेनाइदा टाकीकडे येते. दिवे लागले. उष्णता माझ्या पाठीतून वर चढली, पात्यापात्यांतून निसटून गेली. आता माझं वय झालंय, एका कोपऱ्यातल्या दोन पात्या मोडल्यात. तरी माझं एक मागणं आहे. तुमच्या दाराशी, माळ्यावर, पलंगाखाली माझ्यासारखं कुणी पडलं असेल, तर त्याला एकदा विचारा, तुला काय येतं रे? आणि त्याला शर्यतीत पळवू नका.

झेनाइदाने प्रयोगशाळेतलं जुनं भिंग काचेला लावलं. श्वास रोखून धरला. मुळांमागून एक लाल ठिपका सावकाश पुढे आला आणि पोटाखाली पाय हलवत थांबला.

"फर्मिन," ती कुजबुजली. "डोळे आहेत. एक... दोन... अरे, किती आहेत! सगळे माझ्याकडेच बघतायत."

फर्मिनने माझ्यावर तळहात ठेवला आणि तसाच राहू दिला. तेवढ्यात कॉफी घेऊन कारुका आत आली. कप खाली ठेवून तिने काचेला नाक टेकवलं, डोळे बारीक केले, मोठे केले.

"मला तर नुसता लाल ठिपकाच दिसतोय गं," ती म्हणाली. "कुठे बघायचं, तू दाखव."