नव्वदच्या जागी नऊ

मित्रांनो, माझं बॉनेट उघडलंत तर इंजिनाच्या झाकणावर खडूची एक खूण दिसेल. एक गोल आणि त्यात एक आडवी रेघ. माझ्या अंगावर मोलाचं असं तेवढंच आहे. ती खूण कशी उमटली, ते सांगते.

मी १९८६ साली जपानमध्ये तयार झालेली, दोन दारांची टर्बो गाडी आहे. टर्बो म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एका दांड्याच्या टोकावरचं लहान चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेलं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. ही चक्रं मुठीत मावतील एवढी असतात, पण मिनिटाला लाखभर फेरे घेतात. दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो, म्हणूनच हे जमतं.

रांजणगावच्या एका कारखान्यात आलेल्या जपानी साहेबांनी मला बरोबर आणलं. ते शिक्रापूरला बाळासो नावाच्या शेतकऱ्याच्या बंगल्यात भाड्याने राहत. घरी पोचल्यावर ते लगेच किल्ली फिरवत नसत. इंजिन मंद चालू ठेवून मिनिटभर शांत बसत. साहेब देवाचं नाव घेतात, असा बाळासोंचा समज होता.

१९९८ साली साहेब मायदेशी गेले आणि जाताना मला बाळासोंना देऊन गेले. बाळासो मला कोरेगाव भीमापर्यंत जोरात पळवायचे, परत दारात आणायचे आणि फटकन बंद करायचे. इंजिन थांबलं की तेलाचा पंपही थांबतो. टर्बो मात्र तेव्हा लालभडक असतो. दांड्याभोवतीचं तेल जळून त्याचा कोळसा होत गेला. चार महिन्यांत माझ्यातून निळा धूर निघाला आणि चक्र अडकलं.

पुढची सहा वर्षं मी कडब्याच्या शेडमध्ये काढली. कोंबड्या मागच्या सीटवर अंडी घालत. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या काळात माझा तेवढाच उपयोग होता.

२००४ साली बाळासोंना कुणीतरी दौंडच्या मच्छिंद्र आप्पांचं नाव सांगितलं. आप्पांनी रेल्वेच्या एका डिझेल शेडमध्ये बावीस वर्षं इंजिनांचे टर्बो बसवले होते. ट्रॅक्टरला बांधून, न्हावरे-चौफुल्यावरून, मला त्यांच्या अंगणात आणलं गेलं.

"आप्पा, दसऱ्यापतुर चालली तर ठीक. न्हाई तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. म्हशी वाढल्यात, शेड मोकळी पायजे."

आप्पांनी टर्बोवर टिचकी मारली. "आधी मला सांगा, हिला मारली कुणी?"

"मारली म्हंजी? चालवली!"

"मंग तसंच म्हना."

आप्पांची मुलगी गौतमी नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली होती. वडिलांनी हे काम घेतलं याचं तिला नवल वाटलं, कारण तीन वर्षांपूर्वी आप्पांनी पास केलेला एक टर्बो रेल्वेच्या चालत्या इंजिनात जाम झाला होता. आगगाडी चार तास माळावर अडकून पडली. आप्पा ज्या टर्बोवर खडूने गोल आणि रेघ काढत, तो टर्बो शेडमध्ये कुणी परत तपासत नसे. त्या दिवसानंतर आप्पांनी खडू हातात घेतला नाही आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

माझं काम त्यांनी मन लावून केलं. कोळसा खरवडला, पुण्याहून नवीन बेअरिंग आणि सील आणले. बाळासोंचा निरोप आला, "पावरबी वाढवा जरा!" म्हणून शिरूरच्या रेडिएटरवाल्याकडून हवा थंड करणारी पेटी बनवून ती माझ्या नाकाशी बसवली. थंड हवा कमी जागेत जास्त मावते. तेलाची नळीही मोठी टाकली.

मग चाचणी. डिझेल शेडमधली रीत अशी होती: इंजिन बंद करायचं, लांब पेचकस टर्बोला टेकवून त्याची मूठ कानाला लावायची, आतला आवाज ऐकायचा आणि चक्र थांबेपर्यंत मोजायचं. नव्वद सेकंदांच्या आत थांबलं, तर बेअरिंग खराब.

माझं चक्र नऊ सेकंदांत थांबलं.

आप्पांनी टर्बो उघडला. दोष सापडला नाही. परत बसवला, परत मोजलं. नऊ. परत उघडला. सीलची कडी केसासारखी बारीक होती. आणखी एकदा काढली तर तुटणार होती आणि तशी दुसरी पुण्यातही नव्हती.

तिसऱ्या वेळीही नऊच. भर दुपारी आप्पा पाना घेऊन परत वाकले.

"पप्पा, असू द्या आता."

"नऊला थांबतंय, गौतमी. माझ्या हातात काय ऱ्हायलं न्हाई, दुसरं काय."

तेवढ्यात लोडशेडिंग झालं. घरातले दोन्ही पंखे एकदम बंद पडले. गौतमी उंबऱ्यात उभी राहून घड्याळाकडे पाहत राहिली. टेबलावरचा पंखा अकरा सेकंदांत थांबला. छताचा मात्र गरगरतच होता.

"पप्पा, टेबलफॅनचं बेअरिंग खराब आहे का?"

"न्हाई की. परवाच तेल घातलंय."

"मग तो आधी का थांबला?"

आप्पांनी उंबऱ्याशी येऊन छताच्या पंख्याकडे पाहिलं. "वजन... पाती केवढी हायेत ह्याची."

"रेल्वे इंजिनाच्या टर्बोचं चक्र उचलायला किती माणसं लागायची?"

आप्पांनी पाना खाली ठेवला. पण त्यांचं समाधान झालं नव्हतं. "मान्य हाय. नव्वद हिचा आकडा न्हाई. पर नऊ चांगला, हे कशावरून?"

"दोनदा उघडलात, तीनदा मोजलंत, तिन्ही वेळा नऊच आला. खराब बेअरिंग असं एकसारखं वागत नाही, ते दर वेळी कमी कमी दाखवतं. पळवून आणा आणि मग मोजा. नऊच्या खाली गेलं, तर तुमचं खरं."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी बाळासोंनी मला चौफुल्यापर्यंत पळवलं. शेजारी आप्पा, मागे गौतमी. सहा वर्षांनी माझ्या नाकात थंड हवा शिरत होती. अंगणात परत येताच बाळासोंचा हात किल्लीकडे गेला. आप्पांनी मनगट धरलं.

"एक मिनिट बसा."

"गाडी हाय का म्हस, आप्पा? दम खाया लागतो व्हय तिला?"

"म्हशीला विचारता तेवढं हिलाबी विचारा."

मिनिट झालं. इंजिन बंद केलं. आप्पांनी पेचकस कानाला लावला आणि मोठ्याने मोजू लागले. सातला त्यांचा आवाज बारीक झाला. आठ. नऊ म्हणून झालं, आणि चक्र अजून फिरत होतं.

"दहा... अकरा."

ते थांबले. गौतमीने काही विचारायच्या आत स्वतःच म्हणाले, "तेल तापून पातळ झालंय. म्हणून दोन जास्ती." मग बराच वेळ पेचकसाची मूठ पुसत राहिले. "गौतमी, खडू हाय का गं घरात?"

मित्रांनो, माझी विनंती लहानशी आहे. कष्टाने तापलेलं कुणीही असो, त्याला एकदम बंद करू नका. मिनिटभर द्या. आणि मोजायचंच असेल, तर आधी त्याचा स्वतःचा आकडा कोणता, ते शोधा.

बाळासो आता घरी आल्यावर एक मिनिट थांबतात. आतून वहिनी विचारतात, "काय करताय एवढा वेळ?" ते म्हणतात, "देवाचं नाव घेतोय."